विश्लेषण : कुलूप दिसले, पण साइट खरी का? वेबपत्ता उजव्या टोकाकडून का वाचायचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली. दरमहा १,५०० रुपये मिळवणाऱ्या दोन कोटींहून अधिक महिलांना एका साइटवर जाऊन आधार क्रमांक भरायचा होता आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा होता. यातील कितीतरी जणींनी त्याआधी फोनवर व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूब यापलीकडे काही उघडलेले नव्हते. याच काळात गुगलवर योजनेचे नाव शोधले की सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या बनावट साइट समोर येतात, अशा बातम्या येऊ लागल्या. ‘सावध राहा’, ‘अनोळखी लिंक उघडू नका’ असे संदेशही फिरले. पण जिला फॉर्म भरायचाच आहे, तिच्यासाठी सगळ्याच लिंक अनोळखी असतात. खरी कोणती आणि खोटी कोणती, हे ओळखायचे कसे, हा तिचा प्रश्न आहे. त्याचे बरेचसे उत्तर वेबपत्त्यातच लिहिलेले असते.

लिंकवर बोट ठेवल्यावर नेमके काय होते?

इंटरनेट म्हणजे एकमेकांना जोडलेले संगणक. प्रत्येकाला ओळखण्यासाठी आकड्यांचा पत्ता असतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने नावांची यंत्रणा तयार केली. तिचे नाव डोमेन नेम सिस्टीम, म्हणजेच डीएनएस. फोनमध्ये ‘आई’ असे नाव शोधले की क्रमांक मिळतो, तसेच हे काम चालते. लिंकवर बोट ठेवले की फोन आधी या यादीला ‘या नावाचा आकडा कोणता’ असे विचारतो, मग त्या आकड्याच्या संगणकाकडून पान मागवतो आणि पडद्यावर दाखवतो.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, डीएनएस फक्त नावावरून आकडा सांगते. त्या नावामागे सरकार आहे, बँक आहे की एखाद्या खोलीत बसलेला भामटा, याची चौकशी ती करत नाही. आणि पान दिसते कसे, याला तर काहीच किंमत नाही. राजमुद्रा, मुख्यमंत्र्यांचा फोटो, बँकेचे बोधचिन्ह हे सगळे पाच मिनिटांत कॉपी करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकसोबत जो छोटा फोटो आणि मथळा दिसतो, तोही साइट बनवणाऱ्यानेच ठरवलेला असतो. बनवणाऱ्याला मनाप्रमाणे लिहिता येत नाही असा पत्त्याचा एकच भाग आहे. तो पत्त्याच्या मध्यावर, उजव्या अंगाला असतो.

पत्ता कुठून वाचायचा?

पाकिटावर आपण पत्ता लिहितो तो लहानाकडून मोठ्याकडे : घर, गल्ली, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. वेबपत्त्यातील नावही असेच डावीकडून उजवीकडे मोठे होत जाते. लाडकी बहीण योजनेच्या अधिकृत पत्त्याचे तुकडे करून पाहा : ‘लाडकीबहीण’ डॉट ‘महाराष्ट्र’ डॉट ‘जीओव्ही’ डॉट ‘इन’. यात शेवटचे ‘इन’ म्हणजे भारत. त्याआधीचे ‘जीओव्ही’ म्हणजे सरकार. त्याच्या डावीकडे महाराष्ट्र आणि सर्वांत डावीकडे योजना. ‘जीओव्ही डॉट इन’ हे नाव बाजारात विकत मिळत नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, ते फक्त सरकारी यंत्रणांना देते. उलट ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’, ‘डॉट ओआरजी’, ‘डॉट ऑनलाइन’ अशी नावे कुणीही वर्षाला काही शे रुपये भरून घेऊ शकतो. ‘डॉट ओआरजी’ दिसले की ती सेवाभावी संस्थाच असते, हा गैरसमज आहे. देवनागरीतले ‘डॉट भारत’ हे नावही सर्वांना खुले आहे.

मालकी कळते ती या उजव्या टोकावरून. त्याच्या डावीकडे मालकाला हवे ते लिहिता येते. समजा, कुणी ‘फॉर्म-अपडेट डॉट ऑनलाइन’ असे नाव विकत घेतले. आता तो पुढे कितीही तुकडे जोडू शकतो : ‘लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन डॉट फॉर्म-अपडेट डॉट ऑनलाइन’. डावीकडून वाचणाऱ्याला यात सरकार दिसते. प्रत्यक्षात सगळा पत्ता शेवटच्या दोन तुकड्यांच्या मालकाचा आहे. ठाण्यातल्या दुकानाच्या पाटीवर ‘कोल्हापुरी चप्पल’ लिहिले म्हणून ते दुकान कोल्हापुरात जात नाही, तसेच हे.

मग उजवे टोक म्हणजे नेमके कोणते? ‘एचटीटीपीएस’ या अक्षरांनंतर दोन तिरप्या रेघा असतात. त्यांच्यानंतर नाव सुरू होते आणि पुढची पहिली एकेरी तिरपी रेघ आली की नाव संपते. त्या रेघेनंतर जे काही असेल ते पानाचे नाव, तिथेही मालक हवे ते लिहू शकतो. म्हणून पहिल्या एकेरी रेघेवर बोट ठेवायचे आणि तिथून डावीकडे वाचत यायचे. रेघ नसेल तर पत्त्याच्या अगदी शेवटापासून. डॉट आणि आडवी रेघ यांत गल्लत करायची नाही. ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ हे सरकारचे आहे. ‘महाराष्ट्र-जीओव्ही डॉट इन’ असे आडव्या रेघेचे नाव मात्र साधे ‘डॉट इन’ आहे. ते कुणाचेही असू शकते.

फोनवर अडचण अशी की पडदा अरुंद असतो आणि लांब पत्ता पूर्ण दिसत नाही. ब्राउझरमध्ये वरच्या पत्त्याच्या पट्टीवर एकदा टॅप केले की पूर्ण पत्ता उघडतो, तो बोटाने सरकवून वाचता येतो. लिंक उघडण्याआधीच तपासायची असेल, तर तिच्यावर बोट दाबून ठेवायचे. क्रोममध्ये खरा पत्ता समोर येतो.

लाडकी बहीणच्या पत्त्यात आणखी एक गंमत आहे, म्हणजे गैरसोयच. ‘लाडकी’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत बहुतेक जण एल-ए-डी-के-आय असा लिहितात. अधिकृत पत्त्यात मात्र तो एल-ए-डी-ए-के-आय असा आहे. एका अक्षराच्या या फरकामुळे अंदाजाने पत्ता टाइप करणारी महिला अधिकृत पानावर पोहोचत नाही. मग ती गुगलवर शोधते. तिथे सर्वांत वर दिसणारा निकाल ‘प्रायोजित’, म्हणजे पैसे मोजून वर आणलेला असू शकतो. कोट्यवधी लोकांनी वापरायच्या साइटचे नाव ठरवताना लोक ते कसे टाइप करतील, हा विचार आधी व्हायला हवा होता.

मग ते कुलूप कशाचे?

पत्त्याशेजारी कुलूप असेल तर साइट सुरक्षित, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. तो सल्ला आता अर्धाच खरा आहे. कुलूप किंवा ‘एचटीटीपीएस’ याचा अर्थ एवढाच की फोन आणि ती साइट यांच्यातील माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. रेल्वे स्थानकावरच्या फुकट वायफायवर याचा उपयोग मोठा आहे. पण पलीकडे बसलेलाच भामटा असेल, तर माहिती त्याच्याकडे बंद पाकिटात, कुणीही न फोडता पोहोचते, इतकेच. पूर्वी या कुलपाचे प्रमाणपत्र घ्यायला पैसे मोजावे लागत. २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारखी ना-नफा सेवा ते मोफत देते. इंटरनेटसाठी हे चांगलेच झाले, पण त्यामुळे बनावट साइटलाही कुलूप सहज मिळते. लोक या चिन्हाचा चुकीचा अर्थ घेतात, हे लक्षात आल्यावर गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमच्या पत्तापट्टीतून कुलपाचे चिन्हच काढले आणि सेटिंगचे चिन्ह ठेवले. कुलूप नसेल तर माहिती भरू नये, हे खरे. कुलूप आहे म्हणून भरावी, हे खरे नाही.

पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल, तर साइट खोटीच का?

नाही, आणि इथे सरकारनेच नियम अवघड करून ठेवला आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवण्याची सक्ती झाली. त्याचे काम राज्याचे तीन विभाग करून तीन खासगी कंपन्यांना दिले गेले. नंबर प्लेटसाठी वेळ ठरवायची आणि पैसे भरायचे ते या कंपन्यांच्या साइटवर, आणि त्यांच्या पत्त्यांत ‘जीओव्ही डॉट इन’ नव्हते. खऱ्या साइटही साध्या नावांच्या, खोट्याही साध्या नावांच्या. मग बनावट साइट निघाल्या आणि परिवहन विभागाला इशारे द्यावे लागले. नागरिकांना पत्ता तपासा म्हणायचे आणि सरकारी कामाचे पैसे मात्र सरकारी नाव नसलेल्या पत्त्यावर भरायला लावायचे, हे एकत्र चालणार नाही.

अशा वेळी उपाय एकच उरतो. शेवटच्या पानाचा पत्ता ओळखता येत नसेल, तर सुरुवात ओळखीच्या पत्त्यापासून करायची. एचएसआरपीसाठी ‘ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ हे परिवहन विभागाचे पान उघडायचे आणि तिथल्या दुव्यावरून पुढे जायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या किंवा गुगलवर सापडलेल्या लिंकवरून थेट आत शिरायचे नाही.

बँकांच्या बाबतीत हा गोंधळ अलीकडे बराच कमी झाला आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये परिपत्रक काढून सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट ‘डॉट बँक डॉट इन’ या नावाखाली आणायला सांगितले. नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्यात आल्या, हे महाराष्ट्रासाठी विशेष महत्त्वाचे. हे नाव रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेली हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था देते आणि ते फक्त बँकांना मिळते. उदाहरणार्थ, स्टेट बँकेचा पत्ता ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ असा आहे. इथेही डॉटच हवा. ‘एसबीआय-बँक डॉट इन’ असे आडव्या रेघेचे नाव दिसले तर ते या योजनेतले नव्हे.

वाहतूक चलानच्या ‘फाइल’ने खाते रिकामे कसे होते?

व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश येतो : तुमच्या वाहनाने सिग्नल तोडला, दंड भरा, पुरावा सोबत जोडला आहे. कधी वाहनाचा क्रमांकही अचूक असतो. सोबत असते एक फाइल. लोकांना वाटते फोटो किंवा पीडीएफ असेल. फाइलच्या नावाचे उजवे टोक पाहिले तर तिथे ‘डॉट एपीके’ असते. पत्त्याचा नियम इथेही लागू पडतो. ‘लग्नपत्रिका डॉट पीडीएफ डॉट एपीके’ ही पत्रिका नसते आणि पीडीएफही नसते. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये बसवायचे अ‍ॅप. फोटो उघडणे म्हणजे दारात आलेल्या माणसाने दाखवलेला कागद पाहणे, तर एपीके बसवणे म्हणजे त्याला घरात राहायला जागा देणे.

प्ले स्टोअरबाहेरचे अ‍ॅप बसवताना अँड्रॉइड ‘अनोळखी स्रोत’ असा इशारा देते आणि परवानगी मागते. घाईत ती दिली जाते. अ‍ॅप मग एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, तीही दिली जाते. यानंतर बँकेचा ओटीपी आला की तो भामट्याकडे आपोआप पोहोचतो. फोनमालकाने कुणालाही काही सांगितलेले नसते, म्हणूनच ‘मी तर ओटीपी दिलाच नाही’ असे तो पोलिसांना सांगतो आणि ते खरेही असते. काही प्रकरणांत तीच फाइल त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून ओळखीच्या लोकांनाही जाते. त्यामुळे ‘अनोळखी व्यक्तीकडून आलेले उघडू नका’ हा सल्ला इथे अपुरा पडतो. फाइल सख्ख्या मेहुण्याच्या नंबरवरून आलेली असते.

वाहतूक पोलीस चलान म्हणून अ‍ॅपची फाइल पाठवत नाहीत. दंड खरेच आहे का, हे ‘महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘ईचलान डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन’ इथे वाहन क्रमांक टाकून पाहता येते. अशी फाइल चुकून बसवलीच, तर पहिले काम म्हणजे फोन एअरप्लेन मोडवर टाकणे, वायफायही बंद करणे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला खाते रोखायला सांगणे. मग सेटिंगमधील अ‍ॅपच्या यादीतून ते काढून टाकायचे, कारण होम स्क्रीनवर त्याचे चिन्ह बऱ्याचदा दिसतच नाही. ते निघत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट करावा लागतो. फोटोंचा बॅकअप नसेल तर ते जातात, तरी खाते जाण्यापेक्षा बरे.

‘ओटीपी कुणालाही देऊ नका’ एवढे पुरेसे आहे का?

हे वाक्य इतक्यांदा ऐकवले जाते की ते कानावरून जाते. शिवाय व्यवहारात ओटीपी कुठेतरी द्यावाच लागतो. ई-केवायसी करताना तो पानावर टाकावा लागतो. फॉर्म भरून देणाऱ्या सेवा केंद्रात बसल्यावर केंद्रचालक ‘ताई, नंबर आला का?’ असे विचारतो आणि ताई सांगतात. मग टीव्हीवरची सूचना आणि प्रत्यक्ष आयुष्य यांचा मेळ लागत नाही आणि सूचनाच सोडून दिली जाते.

त्यापेक्षा ओटीपीचा संदेश पूर्ण वाचण्याची सवय जास्त उपयोगी आहे. आकड्याच्या आधी किंवा नंतर तो कशासाठी आहे, हे बहुतेक वेळा लिहिलेले असते : आधार पडताळणीसाठी, अमुक रकमेच्या खरेदीसाठी, नव्या फोनवर नोंदणीसाठी. फॉर्म आधारचा भरत असताना ओटीपी बँकेकडून आला, तर तिथेच थांबायचे. केंद्रात असाल तर संदेश स्वतः वाचायचा आणि शक्य तर आकडा स्वतःच टाकायचा. फोन हातात काढून द्यायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा सहा अंकी कोडही याच जातीचा आहे. तो सांगितला की खातेच दुसऱ्याच्या फोनवर सुरू होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून आपला वेगळा पिन ठेवला, तर नुसत्या कोडवर काम होत नाही.

यूपीआय पिनचे गणित याहून सोपे आहे. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून त्यात बदल नाही : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. जुने फर्निचर विकताना ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका’ असे कुणी म्हटले, तर तो पैसे घेतोय. ओळखीच्या नावाने ‘पैसे द्या’ अशी विनंती पाठवून फसवण्याचे प्रकार इतके वाढले की राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, व्यक्तीकडून व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. दुकानदार आणि कंपन्यांकडून मात्र अशी विनंती अजूनही येऊ शकते.

पैसे गेलेच, तर पहिल्या तासात काय करायचे?

१९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक लावायचा. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकेकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात गेले, तिथे ते रोखण्याचा प्रयत्न होतो. भामटे रक्कम काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतात आणि एटीएममधून काढतात. त्यामुळे इथे घाई उपयोगी पडते. आधी घरच्यांना सांगू का, उद्या शाखेत जाऊ का, या विचारात वेळ गेला की रोखण्यासारखे काही उरत नाही. फोन लावताना बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी असावा. व्यवहार क्रमांक बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा यूपीआय अ‍ॅपच्या इतिहासात मिळतो. १९३० व्यग्र असेल तर ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ इथे तक्रार नोंदवता येते. आणि बँकेला वेगळे कळवायचेच.

बँकेला कळवल्याची वेळ का महत्त्वाची, हे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर नुकसानीचा भार येत नाही. ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर गेलेले पैसे मात्र बँकेच्या जबाबदारीत येतात. म्हणून शाखेत तोंडी सांगून परत न येता तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्यायची.

तक्रारीनंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. ‘तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवण्यासाठी थोडे शुल्क भरा’ असे सांगणारा स्वतःला सायबर सेलचा अधिकारी म्हणवतो. एकदा फसलेल्यांचे क्रमांक भामट्यांकडे असतातच, त्यांनाच पुन्हा गाठले जाते. रोखलेली रक्कम परत मिळवण्यासाठी पोलीस कुणाच्या यूपीआयवर शुल्क मागत नाहीत. तक्रारीची स्थिती त्याच पोर्टलवर, तक्रार क्रमांक टाकून पाहता येते.